आनानसियाच्या डोळ्याचे नऊ दिवस

मोशी,
मंगळवार, १४ मार्च २०२३

प्रिय आनानसिया,

अनेक आशीर्वाद. तू, तुझ्या दोन्ही गाई आणि ओहोळाकडची केळी, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आधी समोरच्याची खुशाली, मग आपली, असं शाळेत सिस्टर बर्नादेत्ता शिकवायच्या. पासष्टी आली तरी माझा हात त्याच वळणाने जातो.

आइका पोरी, हे तू आईला वाचून दाखवणार. सावकाश वाच. पुढे कुठेतरी तुला मावशीचा राग येईल. तरी थांबू नकोस. आई ‘पुरे’ म्हणाली तरी नको.

आपल्या चर्चच्या महिला मंडळातली मातिल्डा काल बाजारात भेटली. अजून तशीच फटकळ. म्हणते, “काय गं पर्पेतुआ, आता आम्हाला कुठल्या रांगेत उभं करणार?” मी हसले. घरी आल्यावर मात्र हसू उरलं नाही.

तुला ती रांग आठवत असेल. एकवीस सालचा ऑगस्ट, करोनाची लस नुकतीच आली होती. मी मंडळाच्या वीस बायका जमवल्या होत्या आणि मातिल्डा सगळ्यांदेखत म्हणाली होती, “आधी तुझ्या दंडात टोचून घे, मग आमच्या दंडाला हात लाव.” तू मागून म्हणालीस, “ताईने जन्मभर शाळेत पोरांच्या रांगा लावल्या, आता बायका सापडल्या!” बायका किती हसल्या. माझ्या पाठोपाठ तू बाही वर केलीस, आणि तुला बघून त्यांनी.

मी इतकी मागे का लागले होते, ते तुला ठाऊक आहे. त्याच फेब्रुवारीत आपला भाऊ देओ त्या आजाराने गेला. घोंगडीखाली पाल्याची वाफ घेत बसलेला, डोळे लालबुंद. चार दिवसांत डोळे निवळले. छाती निवळली नाही.

आता कामाचं लिहिते. तुझ्या डोळ्यासाठी नवा पडदा, कुणा गेलेल्याच्या बुबुळावरचा, येतोय, शुक्रवारी हो म्हटलं नाही तर तो दुसऱ्याला जाईल, आणि तू नको म्हणतेस, हे आइकाने मला फोनवर सांगितलं. म्हणून मी रविवारी वर डोंगरावर तुझ्याकडे आले होते. तू कुंपणाशी इसालेच्या पानाला चाचपत गाठ मारत होतीस.

म्हणालीस, “ताई, गाठ मारलेलं पान दारी नेलं की कुणाला माफी नाकारता येत नाही. पण हे मी कुणाच्या दारी नेऊ? ज्या मेलेल्या माणसाने मला डोळा दिला, त्याचं घर कुठे? मी थेंब घालायला विसरले, त्याचा डोळा नासवला. आता दुसऱ्याचा कोणत्या तोंडाने मागू?”

मी चहा अर्धा टाकून उठले. पाय दुखतो म्हणाले. पाय दुखत नव्हता.

आनानसिया, लशीनंतर चौथ्या दिवशी, तू माझ्याकडेच राहत होतीस तेव्हा, सकाळी म्हणालीस, “ताई, डोळा टोचतोय, दिसायला धूसर झालंय.” मी पापणी वर करून पाहिलं. डोळा लाल होता. तुझ्या त्या एकाच दिसणाऱ्या डोळ्यात परका पडदा बसवलाय हे मला पाठ होतं. लाली दिसली तर त्याच दिवशी या, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद माझ्याच कपाटात होता. तुला सांगितलं, “देओचे झाले होते ना, तसंच. निवळेल.”

निवळेल असं मला वाटलं होतं का? पहिल्या दिवशी, थोडंसं. त्यानंतर नाही. त्यानंतर मला फक्त मातिल्डा दिसत होती. पर्पेतुआने सख्ख्या बहिणीला टोचून आंधळं केलं, असं ती गावभर सांगेल आणि उरलेल्या बायका लस घेणार नाहीत, हे मी मनाला पटवलं. खरं म्हणजे मला माझं नाव जपायचं होतं. तुला काळा चष्मा लावून प्रार्थनेला नेलं. नऊ दिवस.

मग शेवटी इस्पितळात नेलं, तोवर दिसायचं थांबलं होतं; डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “थेंब चुकवले का?” तू बिचारी म्हणालीस, “एकदोनदा विसरले असेन.” मी शेजारच्या खुर्चीत होते. गप्प बसले.

काल त्यांच्याकडे एकटी गेले, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “एखाददुसरा थेंब चुकला म्हणून एवढं होत नाही. लशीनंतर शरीर सावध होतं, क्वचित एखाद्याचं परक्या पडद्यावरच उलटतं. लशीमुळेच झालं, असं छातीठोक सांगता येत नाही. तो आजार होऊनही हे होतं. पण पहिल्या दिवशी आला असता तर तासातासाला थेंब घालून बहुतेक वाचवलं असतं.” पुढची लस घ्याल तेव्हा आधी सांगा, थेंब वाढवून देईन, असंही म्हणाल्या. मी लशीला दोष देत नाही. लस घेऊन मी आज बसलेय, देओ नाही. दोष लपवण्याचा आहे.

तू त्या माणसाचा डोळा नासवला नाहीस, आनानसिया. तुझ्याकडून काहीच चुकलं नाही.

पान माझ्या हातून तुझ्या दारी यायला हवं होतं. काल तोडलंही होतं. मग ठेवून दिलं. पान समोर आलं तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि या वेळी तुला नाही म्हणता यायला हवं.

मला नाही म्हण. डॉक्टरांना म्हणू नकोस.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी इस्पितळाच्या फाटकाशी उभी असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही. आइकाचा हात धर आणि माझ्यासमोरून आत जा. तू आत गेलीस की मी घरी जाईन.

तुझी
पर्पेतुआ

(नेहमीसारखं खाली ‘ताई’ लिहायला हात गेला होता. आवरला. तो शब्द आता तू म्हणशील तरच.)