जंगलातल्या झोपडीचा शाकाहारी शिधा

सौ. रीनाताई हिस,

दिव्यानीचा नमस्कार. सुकी मासळी सगळ्यांत हलकी, मूठभर नेली तरी चार जणींचं भागतं, मग डोंगरावर पाठीवरून दुसरं काही कशाला वाहायचं, असं आईने विचारलं. मी (घरातली पहिली पदवीधर) वजनाचा हिशेब करून पाहिला, तर तिचंच बरोबर निघालं. तुला वेगळं उत्तर सुचलं तर कळव. कुरखेड्याला धानाची मळणी आटोपली असेल, तुझी कंबर आणि सासूबाईंचा खोकला दोन्ही बरे असतील, असं धरून चालते.

मासळी न नेण्याचं कारण खरं तर साधं होतं. गावातल्या चार मुलींना घेऊन जंगलातल्या झोपडीत दोन रात्री राहायचं, पक्षी बघायचे, नकाशा वाचायला शिकायचं, असं मी ठरवलं. आपल्या गावातली मुलगी लग्नाआधी अशी कधी कुठे मुक्कामाला गेली आहे का? मुलींच्या घरच्यांची एकच अट, गावातल्या जाणत्या चंदाबाई सोबत हव्यात. चंदाबाईंनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, त्यामुळे त्यांची अट, शिधा शाकाहारी हवा. त्या मध्येच परत फिरल्या असत्या तर मुलीही परत, आणि पुढे कोणी पाठवलंच नसतं.

म्हणून मी जीव ओतून तयारी केली. वरणभात शिजवून ताडपत्रीवर कडक वाळवला, म्हणजे वर गरम पाणी ओतलं की जेवण तयार (मोबाइलवर वाचलं होतं). पहिली खेप शेजारच्या लहानूभाऊंच्या बकरीने खाल्ली, वर पाणी प्यायली आणि अशी फुगली की युक्ती खरी असल्याची माझी खात्री पटली. मुगवड्या घेतल्या, वाळलेली अंबाडी घेतली. जवसाची चटणी तेवढी आईने करून दिली.

पहिल्या संध्याकाळी चुलीवर भात छान फुलला. मी चटणीचा डबा उघडला आणि वासावरूनच समजले. सुकवलेले बारीक झिंगे. आपल्या घरी झिंग्यांना कोणी मासळीत धरत नाही, तुला माहीत आहे. ते मिठाच्या डब्याशेजारी असतात आणि मिठासारखेच हाताला येतात. (आईला नंतर विचारलं तर म्हणाली, "झिंगे का मच्छी होय का व? चवीपुरते टाकले.")

डबा गुपचूप झाकता आला असता. पण जिच्या भरवशावर आलो तिच्याशी लबाडी कशी करायची? म्हणून बोलून टाकलं, "बाई, याच्यात झिंगे हायेत."

चौघींचे घास हातातच थांबले. चंदाबाईंनी ताट मागे ओढलं. मग म्हणाल्या, "तो डबा पोरीईजवळ ठेव. माह्या ताटाले लावू नको." आणि उठल्या. मला वाटलं, झालं, निघाल्या. त्यांनी चुलीला वळसा घातला, वारा डब्यावरून जिकडे वाहत होता त्या बाजूला, डब्यापासून चार हातांवर पोतं टाकलं आणि बसल्या. "इथी बरं वाटते," म्हणाल्या. नुसता वरणभात, प्रत्येक घासाला एक लांब श्वास घेत, त्यांनी दोनदा मागून खाल्ला. (माहेरी त्यांचंही घर तळ्यावरच्या मासळीवरच चालायचं.)

थोड्या वेळाने मुलींपैकी आचल म्हणाली, "बाई, वारा फिरला. इकडं सरका."

"तू जेव चुपचाप," चंदाबाई म्हणाल्या, आणि सरकल्या.

परत जायची गोष्ट कोणी काढली नाही. दुसऱ्या रात्रीही आम्ही राहिलो. नकाशा मुली माझ्यापेक्षा लवकर शिकल्या.

तुझी,
दिव्यानी

ता. क. पौषात पुन्हा जायचं आहे. या वेळी नऊ मुली तयार आहेत, म्हणून घरच्यांना चंदाबाईंबरोबर आणखी एक लग्न झालेली बाई हवी आहे. पत्र त्यासाठी लिहिलं असं मात्र समजू नकोस.

ता. क. २. त्यासाठीच लिहिलं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. तुझ्या सासूबाईंशी मात्र काल फोनवर बोलले, तुला तीन दिवस सोडा म्हटलं. त्या लगेच हो म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, "संगं सासू आली तं चालते काय?" मला नाही म्हणवलं नाही. तुम्हा दोघींची नावं मी आज सकाळी घरोघरी सांगून आले.