मोरीची सांध

वाशीम, २ मे १९५४, रविवार
मोरीमागच्या भिंतीला ओल. भिंतीला लागून कणगी, कणगीत सासरे उकंडराव यांचं निवडक ज्वारीचं बियाणं. त्यांच्याकडे उंदीर फार, म्हणून माझ्या भरवशावर ठेवलंय. मृगाआधी नेणार. मोरीच्या फरशीची सांध उघडी पडली आहे, ती बुजवली की काम फत्ते. गवंडी कशाला? सौ. रंगूचं म्हणणं, "रांजण गाडला तवापासूनची ओल हाये, पयले रांजण पाहा." मोरीच्या कडेला गळ्यापर्यंत गाडलेला हा रांजण मी पोहरादेवीच्या जत्रेत दहा रांजण वाजवून निवडला. प्रश्नच मिटला.

५ मे
चुना. जुनी रीत: त्यात गूळ अन् बेलाचा गर. पकड पक्की बसावी म्हणून गूळ अंमळ जास्त घातला.

७ मे
मुंग्या. अर्धी सांध कोरून नेली. रंगूने पुन्हा रांजणाचा विषय काढला. कानाडोळा केला.

१२ मे
चुना ही जुनाट theory. आता डांबर. स्टेशनवरच्या मदनसिंगने डबाभर दिलं. डांबरातून पाण्याची काय बिशाद!

१४ मे, दुपारी ३
मोरीत ऊन येतं हे ध्यानात नव्हतं. डांबर वितळलं. धोतर, घागर, मांजर, सगळं काळं. ओल हातभर वर चढली. चिडून जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२३ मे, रविवार
शेवटी सिमेंटच! तीन बोटं जाड. उरलेलं रांजणाभोवती थापलं, शोभेला. ओल आता येऊनच दाखवावी.

२६ मे
आली. सिमेंटच भेसळीचं. या देशात प्रामाणिक माणसाने करावं तरी काय?

१ जून
उकंडराव आले. कणगीत वरून बी ठीक दिसत होतं. खाली कुबट वास. तळातून मूठ काढली तर पांढरे कोंब, बोट बोट लांब. म्हणाले, "जवाईबापू, मिरगाच्या आंधीच पेरलं का तुमी?" हसले नाहीत. रंगू पहार घेऊन मोरीत गेली. माझं सिमेंट फोडलं, रांजण उपटला. बुडाला चीर.

फार लाज वाटली. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. सासरे रिकामं पोतं खांद्यावर टाकून इंझोरीकडे बी शोधायला गेले. चहासुद्धा घेतला नाही.

रांजण अंगणात पालथा आहे. चीर तशी बारीक. चुना नको, डांबर नको. लाख बरी पडेल.