भिंतीवरची हत्यारं

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, वर्ग कसा चाललाय, आणि मी खोकल्याचं सोंग आणून विषय बदलला. खोकला-बिकला काही नव्हता गं. तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायला तोंड उघडलं असतं तर नुसत्या शिव्या बाहेर पडल्या असत्या. मी संस्थेच्या ऑफिसात होते, शेजारच्या खोलीत दादा बसला होता. म्हणून आज घरी बसून लिहितेय. चहा केला होता, तो समोर तसाच गार झालाय. हल्ली कशाची चवच लागत नाही, सगळ्याचीच शिसारी आलीय.

तर आता सरळ सांगते. सुतारकामाचा वर्ग चाललेला नाही. तो कधी सुरूच झाला नाही. भावोजी गेल्यावर त्यांचं सुतारकामाचं दुकान विकून तू जे पैसे दादाच्या संस्थेला दिलेस, मुलांना सुतारकाम शिकवण्यासाठी म्हणून स्वच्छ लिहून दिलेस, ते संपले. त्या पैशांतून संस्थेच्या दाराशी एक बैठकीची खोली झालीय. काचेचं दार, छतात लपवलेले दिवे, पाहुण्यांना बसायला एवढाले सोफे की माणूस बसला की निम्मा आत जातो. सासूबाईंच्या आजारपणात मी रजेवर होते, तेवढ्यात हे सगळं उरकलं. परत आले तेव्हा मला वाटलं, चुकून बँकेत शिरले. मागे मुलांच्या खोलीत मात्र पंखा तोच, कुरकुरणारा, आणि पाण्याच्या टाकीचा नळही तोच, दोरीने बांधलेला.

तुला संस्थेच्या कारभारातलं कळत नाही असं तू नेहमी म्हणतेस, पण यात न कळण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पैसे दोन तऱ्हेने येतात. काही लोक देतात आणि म्हणतात, तुम्हाला हवं तिथे वापरा. काही लोक काम सांगून देतात. बुटांसाठी दिले तर बूटच आणायचे, परीक्षेच्या फीसाठी दिले तर फीच भरायची. विजेचं बिल थकलं, पगार लांबले, तरी त्या पैशांना हात लावायचा नाही. देणाऱ्याने स्वतः लिहून दिलं, की आता दुसऱ्या कामाला वापरा, तरच. हे मला कोणी शिकवलं माहितीये? दादाने. मी तिथे हिशेब लिहायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी समोर बसवून शिकवलं. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ही, असं म्हणाला होता. मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा!

पण पैशांचं एक वेळ मी गिळलं असतं. ती भिंत गिळवत नाही.

भावोजींची हत्यारं तू पोत्यात बांधून दिली होतीस ना, तेल लावून, एकेक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून? ती सगळी त्या खोलीच्या भिंतीवर आहेत. शोभेला. कोणी सजावटवाला आणला होता दादाने, त्याची ही अक्कल. करवत, रंधे, पटाशा, गुण्या, सगळ्यांवर चकचकीत वॉर्निश मारलंय, धारेवरसुद्धा. वरून खाली पडू नयेत म्हणून मुठींतून आरपार स्क्रू पिळलेत. भावोजींच्या हाताने गुळगुळीत झालेल्या मुठी, ताई! मी लहान असताना दुकानात यायचे तेव्हा ते मला हात धुऊन ये म्हणायचे, मगच लाकूड तासायच्या रंध्याला हात लावू द्यायचे. आणि रंधा ठेवायचा तर कुशीवर, पात्यावर कधीच नाही, धार मरते. एकदा मी उभा ठेवला तर नुसते आले, तो आडवा केला आणि परत कामाला लागले. त्यांचा तो राग मला कुणाच्याही ओरडण्यापेक्षा जास्त लागायचा. खाली पितळी पट्टी आहे, त्यांचं नाव कोरलेली. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, कृपया हात लावू नये.

मी दादाला विचारलं. भांडले नाही, आधी नुसतं विचारलं. तर तो हसला. म्हणाला, अगं वेडे, माणसं बाहेरचं बघून देतात. दोरीने बांधलेला नळ दाखवून कोण देणार? आधी बैठक नीट करू, मोठे देणगीदार येतील, मग एक काय, दहा वर्ग काढू. आणि ताईचं काय, तिला भिंत बघून आनंदच होईल. ताई, त्याने पैसे स्वतःच्या खिशात घातले असते ना, तर मला सोपं गेलं असतं. चोर म्हणून मोकळी झाले असते. पण त्याला खरंच वाटतं की आपण काहीतरी थोर करतोय. तो साळसूद चेहरा, तो मऊ आवाज, पाठीवर ठेवलेला हात. मला त्या हाताची किळस आली, आणि याच हाताने त्याने माझ्या कॉलेजची फी भरली होती, हेही त्याच क्षणी आठवलं. समितीत विचारणारं कोणी नाही. सचिव म्हणजे होयबा, त्याला चहाबरोबर बिस्किटं मिळाली की झालं.

मोठे देणगीदार आले हो, नाही असं नाही. ते आले की काय चालतं ते तू बघायला हवंस. मुलांना मागच्या खोलीतून पुढे आणतात, केस विंचरायला लावतात, एका रांगेत उभं करतात आणि हातात पाटी देतात, अमक्यांच्या सौजन्याने. फोटो झाला की पाटी बदलायची, मुलं तीच. कधी ती कॉम्प्युटर शिकणारी मुलं असतात, कधी शिवण शिकणारी. मुलांनाही आता सवय झालीय, पाटी न वाचताच हसतात. तेच मला सगळ्यात घाण वाटतं, की ती इतकं छान हसतात.

सुतारकामाच्या फोटोसाठी भिंतीवरचा एक रंधा तेवढा हुकाला लावून ठेवलाय, काढता यावा म्हणून. तो आमच्या बडबडीच्या हातात दिला. बडबडी म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दिवसभर खोकी चिकटवायच्या कामावर जाते आणि संध्याकाळी आमच्याकडे येते. वर्ग होणार असं ऐकल्यापासून माझं डोकं खाते, कधी सुरू, कधी सुरू. तिला स्वतःच्या हाताने पलंग करायचाय, घरी चौघी एका गादीवर झोपतात म्हणून. तर तिने रंधा घेतला, उलटसुलट करून बघितला आणि फोटोवाल्यालाच विचारलं, अहो, पण हे धरायचं कसं ते तरी सांगा. सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्याने हसला. फोटो निघाला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच छापलाय, आर्टपेपरवर. बडबडीने रंधा उलटा धरलाय, पातं तिच्या स्वतःच्या पोटाकडे आहे, आणि खाली लिहिलंय, हातांना काम, मनांना उभारी. हजार प्रती छापल्या आणि वाटल्या, एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. दादाने एक प्रत तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. तू बघितलंस तर एका नजरेत ओळखशील, म्हणून मी ती पाठवली नाही.

ऑडिटर मात्र अडला. जाडजूड, घामट, कधी कुणाशी जास्त न बोलणारा माणूस आहे. त्याने फोटो बघितला नाही, त्याला त्यातलं काही कळतही नसेल. त्याने एवढंच विचारलं, की हे पैसे ज्या कामाला दिले त्या कामाला लागलेले दिसत नाहीत, तर देणाऱ्याच्या संमतीचं पत्र कुठंय? मी दादाकडे बघितलं. दादाने पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, ते होय, ते घरचंच आहे, माझ्या बहिणीची सही आणून देतो. घरचंच आहे! म्हणजे तू दिलेले पैसे, भावोजींची आयुष्यभराची मेहनत, तुझं कुंकू गेल्यावर तू कुणाकडे हात न पसरता काढलेले दिवस, हे सगळं त्याच्या लेखी घरातलंच, ताटातलं वाटीत. मी उठून बाहेर गेले आणि बेसिनशी जाऊन खरोखर ओकले.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. या रविवारी दादा तुझ्याकडे येतोय, वहिनीला घेऊन. फळं आणेल. आईच्या आठवणी काढेल, डोळ्यांत पाणीही आणेल, आणि ते पाणी खोटं नसेल. मग खिशातून एक कागद काढेल, मागची तारीख घातलेला, तुझ्या नावाचा, की मी राजीखुशीने हे पैसे संस्थेच्या इतर कामांसाठी वापरायला परवानगी देत आहे. तो मला टाईप करायला सांगितला होता, मी नाही म्हटलं, तर त्याने सचिवाकडून करून घेतला. हिशेबावर मी सही करणार नाही, हेही त्याला सांगून झालंय, तेव्हा माझी नोकरी गेल्यात जमा धर. पण माझ्या सहीवाचून त्याचं काही अडत नाही. तुझ्या सहीवाचूनच अडतं. तू सही केलीस की सगळं साफ, परत कुणी कधी विचारणार नाही. नाही केलीस तर त्याला तो पैसा उभा करून परत ठेवावा लागेल, आणि तो आपल्याशी, कदाचित जन्मभर, बोलणार नाही. तू दादाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाहीस, मला माहीत आहे. नाहीच जमलं तर भांडू नकोस, कागदाला हातही लावू नकोस. फक्त त्याला सांग, भावोजींच्या वर्गातल्या मुलांनी केलेलं एक स्टूल घेऊन ये. वेडंवाकडं चालेल, डुगडुगणारं चालेल. त्याच्यावर बसून सही करते.

तुझीच,
धाकटी