पेटीवरचं आडनाव

कासेल, ९ मार्च २०२५

ती. बाबांस,
मोहनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की रडू येतं आणि मग आईचं बीपी चढतं, म्हणून लिहिते. केयूरचं घर जानेवारीत सोडलं ते सोडलंच, परत जाणार नाही. नवीन घर एका खोलीचं आहे, पण माझं आहे. इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळते आहे. तीस एप्रिलच्या आत पदवीचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्या हातात द्यायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे.

सोबतच्या कागदावर पत्ता आहे, तो तसाच उतरवा. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत रस्ता आणि घराचा नंबर त्याच्या नंतर. तिसरीत आधी पिनकोड, मग गाव. शेवटी मोठ्या अक्षरांत जर्मनी. मजला, खोली काही नको, आणि मागच्यासारखं ‘चर्चसमोर, बेकरीच्या बाजूला’ तर नकोच. इथला पोस्टमन आपल्या समा भागातल्यासारखा पानवाल्याला विचारत येत नाही. तो पेटीवरचं आडनाव बघतो. ते नसेल तर टपाल परत. माझ्या पेटीवर फक्त ‘पोतनीस’ आहे. कृपा करून सासरचं दिघे लिहू नका.

आईने मेतकूट घातलं तर मी नाही म्हणणार नाही. तुम्हा दोघांची माया अशीच मिळत राहो.

तुमची,
मोहना


समा, बडोदे, १४ मे २०२५

चि. मोहनास अनेक आशीर्वाद.

पार्सल काल परत आलं. वर जर्मन शिक्का आहे, त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

घरून मी नाव बरोबर लिहून नेलं होतं. पोस्टाच्या रांगेत मागे आपल्या सोसायटीचे उदयसिंहराव. त्यांनी वाकून वाचलं आणि लेक अजून माहेरचंच नाव लावते वाटतं, असं हसत म्हणाले. मी म्हणालो, सवयीने चुकलं. आणि तिथेच ते खोडून ‘मिसेस मोहना केयूर दिघे’ लिहिलं. काउंटरवरच्या धवलने सरनामं, म्हणजे पत्ता, बराबर आहे ना म्हणून विचारलं, तर मी मान डोलावली. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं चुकीच्या पत्त्यांवरून लोकांना झापणारा मी.

त्यानंतर तू फोनवर तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा वाटेत सुट्ट्या लागल्या असतील म्हणालो. माझं नाक वर राहावं म्हणून तुझी नोकरी घालवली, मोहना. मला माझीच लाज वाटते. तुझी आई काल जेवताना एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज पुन्हा गेलो. ‘मोहना पोतनीस’ लिहिलं. उदयसिंहराव नव्हते. ते असते तरी हेच लिहिलं असतं, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

रागव, पण पत्र टाकत राहा.

बाबा


कासेल, १ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. ती नोकरी मात्र गेली, आता दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. तुमचं पत्र वाचून मी फार चिडले. दोन दिवस मेतकुटाची पुडीही फोडली नाही. उत्तर लिहायला बसले तेव्हा जे आठवलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

या घरात आल्यावर पेटीवर मीसुद्धा आधी ‘दिघे’च लिहिलं होतं. वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहतं, त्यांनी काही विचारू नये म्हणून. तुम्हाला मार्चमध्ये पत्र लिहिलं, त्याच दिवशी ते नाव नखाने खरवडून काढलं. तुम्ही रांगेत घटकाभर केलंत, ते मी दोन महिने करत होते.

आणखी महिनाभर तशीच लाजत राहिले असते, तर तुमचं पार्सल वेळेवर पोचलं असतं. मग एकट्या तुम्हाला काय म्हणून बोलू?

आईला म्हणावं, बाबांशी बोल. मायेत उणं येऊ देऊ नका.

तुमची,
मोहना जनार्दन पोतनीस