ओहोटीची वाट

चारकोप, कांदिवली (प.)
२० नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
जयंतीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला का ते कळव. चकल्या मऊ झाल्या असतील तर दोष कुरिअरवाल्याचा, माझा नाही. पाडव्याला तुला फोन केला होता. तू उचललास, तीनदा हॅलो म्हणालास आणि ठेवून दिलास. साकीनाक्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीनशेजारी उभा राहून राहून कान तिथेच ठेवून आलास, आणि कानाचं यंत्र घेऊन दिलं तर ते कपाटात ठेवलंस. तेव्हा आता पत्रच. आमची सूनबाई तेजल हसते. म्हणते, आई, आपल्या सेक्टरमध्ये पोस्टाची पेटी आहे हे मला तुमच्यामुळे कळलं.

सिद्धेशचं बरं चाललंय. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे त्याने रेती-खडीचा डेपो टाकला तो आता चांगला जम धरतोय. इकडे जी ती सोसायटी पुनर्विकासाला निघालीय. माझ्या खिडकीसमोर एक इमारत पडली, दुसरी उभी राहतेय, आणि मधे हिरवी जाळी. सकाळी तुळस पुसावी लागते, इतकी धूळ. पण त्या धुळीवरच आमचं घर चालतं, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे.

वहिनीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, यंदा गावाहून कुणाबरोबर नदीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांचा डबा आला नाही. नणंदेला विसरली वाटतं. दोघांनी प्रकृतीला जपावं आणि सवड काढून चार ओळी लिहाव्यात, एवढंच मागणं.

तुझी,
जयंती


खारेवाडी
२ डिसेंबर २०२३

चि. जयंतीस,
अ. उ. आ.

फराळ पोचला. चकल्या मऊच होत्या. तुझी वहिनी म्हणाली, नणंदेच्या हातच्यो आसत, मऊ आसल्यो तरी गोड. खोकला गेला.

तिसऱ्या पाठवल्या नाहीत, कारण नदीतच नाहीत. गेल्या शिमग्यापासून पुलाच्या खालच्या अंगाला होड्यांवर पंप बसवलेत. पाइप तळाला सोडतात आणि वाळू वर ओढतात. काठावर ढीग होतो, मग डंपर येतात. पूर्वीही आपल्याकडे वाळू काढायचे, पण माणसं बुड्या मारून पाटीने काढायची. जेवढी जायची तेवढी पावसाळ्यात वरून वाहून यायची. आता पंप दिवसाला जेवढं ओढतो तेवढं नदीला आणता येत नाही. तिसऱ्या वाळूत राहतात. वाळूच गेली तर त्या राहणार कुठे?

काठ खालून पोकळ होतो आणि मग एकदम बसतो. आपल्या माडांची खालची रांग आश्विनात नदीत गेली. तुला कळवलं नाही, कारण ते माड आबांनी लावलेले. तळ खोल गेल्यामुळे भरतीचं खारं पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं. विहीर मचूळ झालीय. डाळ शिजत नाही. पिण्याचं पाणी तुझी रुक्मिणीवहिनी वरच्या वाडीतून आणते, मी घागरीला हात लावला तर रागावते.

पंप मुकुलचे, म्हणजे आपल्या शेजारघरातल्या पोराचे. परवाना आहे म्हणतो. परवाना हाताने काढायचा आहे, पंपाने नव्हे, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आता पुढचं लिहायला जड जातं. परवा एका डंपरवाल्याला मी विचारलं, की ही वाळू जाते कुठे. तो मला ओळखत नव्हता. ओरडून म्हणाला, मुंबईला, चारकोपला, सिद्धेशशेठच्या डेपोवर. मला वाटलं चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा विचारलं. बरोबरच ऐकलं होतं.

पोरावर आग पाखडू नकोस. पण विचार. घरात सगळ्यांना आशीर्वाद सांग, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गुणाजीदादा


चारकोप
१४ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच डेपोवर गेले. सिद्धेश वजनकाट्यावर उभा होता. मी त्याला काही विचारण्याआधी ढिगाकडे गेले. त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या होत्या, मूठ भरेल एवढ्या एका जागी. मी त्या उचलल्या आणि त्याच्या हातात दिल्या. कुठली रेती आहे ते त्याने सांगितलं. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.

जेवताना मग बरंच झालं. तो म्हणाला, की मी व्यापाऱ्याकडून पावतीसकट घेतो, नदीत पंप मी लावलेला नाही. म्हणाला, की पावसात नदी पुन्हा रेतीने भरते हे लहानपणी मामानेच सांगितलंय. मी घेतली नाही तर मुलुंडचा कुणीतरी घेईल, आणि इथल्या बिल्डरला गिलाव्याला नदीचीच रेती लागते. शेवटी मला म्हणाला, आई, आपण ज्या घरात बसून जेवतोय त्यात कुठल्या नदीची रेती आहे, ते तू कधी विचारलंस का? मी ताट घेऊन उठले.

हातातलं काम होळीपर्यंत संपेल, मग तिथली रेती बंद करतो, असं त्याने तेजलला सांगितलंय. मला सांगितलं नाही. आम्ही दोघं सध्या किल्ली कुठे आहे आणि दूध आलं का, एवढंच बोलतो. तुमच्या विहिरीचं ऐकल्यापासून इथला नळ सोडताना मला चोरट्यासारखं वाटतं.

मी काय करू ते सांग. तू मोठा आहेस. रागावलास तरी चालेल, पण लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
जयंती


खारेवाडी
२८ डिसेंबर २०२३

चि. जयंतीस,
अ. उ. आ.

अबोला सोड. तू त्याच्याशी बोलली नाहीस म्हणून नदीत वाळू परत येणार नाही, आणि पोर मात्र दूर जाईल. त्याने विचारलेला प्रश्न खोटा नाही. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं मुंबईच्या इमारतींत राहिलो.

इथे बायकांनी पुढाकार घेतलाय. शेजारच्या आळीतली मानसी शिकलेली आहे, तिने अर्ज लिहिला आणि सगळ्याजणी तहसील कचेरीत गेल्या. साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या. पाहणीला माणसं आली, त्या दिवशी नदीत एकही होडी नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या परत. मुकुल रस्त्यात भेटला तर मान खाली घालून गेला. त्यालाही बरं वाटत नसावं, पण पंपांच्या कर्जाचे हप्ते त्याच्या मानेवर आहेत.

तुझी वहिनी अजून ओहोटीला नदी उतरून पलीकडे बहिणीकडे जाते. मी नको म्हणतो. ती म्हणते, लग्न होऊन इल्यापासून ही वाट माझ्या पायांका म्हायती आसा. मी तिच्यापुढे कधी जिंकलोय? तू तरी लिही तिला.

सगळ्यांना जवळ घेऊन राहा. आमची आठवण आहेच, ती तशीच धरून ठेव.

गुणाजीदादा


सरकारी रुग्णालय, मुक्काम तालुक्याचं गाव
२१ जानेवारी २०२४

ती. आईस,
सिद्धेशचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला मामी बरी आहे एवढंच सांगितलं, कारण तू मधेमधे विचारत राहतेस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहितोय. हसू नकोस, शाळेनंतरचं हे माझं पहिलंच पत्र.

मामी ओहोटीला पलीकडे निघाली होती. जिथून ती नेहमी उतरते तिथे पंपाने तळ खाल्ला होता. पाणी गढूळ, वरून काहीच कळत नाही. तिने पाऊल टाकलं आणि ती खाली गेली. मानसी तिच्या मागेच होती. तिने मामीचा अंबाडा धरला आणि दुसऱ्या हाताने होडीचा दोर. ओरडल्यावर पंपावरचीच माणसं आली, त्यांनी दोघींना ओढून काढलं. त्यात मुकुलही होता. मामीला डंपरच्या केबिनमधून इथे आणलं, दुसरी गाडी नव्हती. छातीत पाणी गेलं होतं. दोन दिवस डॉक्टर खात्री देत नव्हते.

मी पोचलो तेव्हा मामा बाहेरच्या बाकावर बसला होता. येताना सगळ्या रस्त्यात मी ठरवत होतो, की तो काय बोलेल आणि मी काय बोलेन. तो थोडा सरकला आणि मला बसायला जागा केली. आई, त्याने कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

परवा मामीने डोळे उघडले. मला बघून तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, जेवलस काय रे. नर्स तिला ओरडली. मी बाहेर जाऊन रडलो. आता ती धोक्याबाहेर आहे. डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितलीय आणि मामीला ती अळणी लागतेय, म्हणजे ती खरंच बरी आहे.

काल मानसीबरोबर ती जागा बघायला गेलो. होडीतून लांब बांबू पाण्यात घातला. तळाला लागलाच नाही. त्या खड्ड्यातली रेती चारकोपच्या कुठल्या बिल्डिंगच्या कुठल्या मजल्याला लागली ते मी सांगू शकतो. पावतीवर नाव व्यापाऱ्याचं असलं तरी माल पंपाचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाटीने काढलेली रेती एवढी रोज येत नाही.

तहसील कचेरीत जाऊन मी तसा जबाब दिला. कुठून घेतली, कधीपासून, कुणी पाठवली, सगळं. वकिलाने फोनवर माझी अक्कल काढली. डेपोला सील लागेल, दंड होईल, आणि बिल्डर पुन्हा दारात उभं करणार नाही. तेजलला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, मी वांद्र्याला नोकरी करते ती काय शोभेला, तू सांगून मोकळा हो आणि घरी ये.

येतो. मामीला घरी सोडलं की निघतो. माझ्यावर राग असेल तो आल्यावर काढ, पण बोल माझ्याशी.

तुझा,
सिद्धेश


चारकोप
९ मे २०२४

ती. सौ. वहिनीस,
जयंतीचा सा. न. वि. वि.

दादाला हे पत्र दाखवू नको असं म्हटलं तर तू आधी त्यालाच दाखवशील, म्हणून काही म्हणत नाही.

पंप जप्त झाले आणि होड्या काठावर ओढून ठेवल्या, हे मानसीने फोनवर सांगितलं. प्रसूतिगृहात नोकरी केली, किती जणींचा श्वास अडकलेला आणि सुटलेला पाहिला. पण आपल्या माणसाची गोष्ट वेगळी. जानेवारीपासून छातीवर काहीतरी बसलं होतं ते उतरलं.

सिद्धेशच्या डेपोला सील आहे. दंड हप्त्याने भरतोय. सुरुवातीला दिवसभर घरात असायचा, मला विचारून विचारून चहा करायचा आणि तो कडू व्हायचा. आता साकीनाक्याला त्याच्या गिल्बर्ट नावाच्या मित्राबरोबर जातो. गिल्बर्टचं फुटपाथवर बसवायचे सिमेंटचे ठोकळे करायचं छोटं युनिट आहे. जुन्या इमारती पाडून जे डबर निघतं ते दोघं आणतात, दळतात आणि त्याचीच रेती करून ठोकळे पाडतात. डबराला इथे काही तोटा नाही, माझ्या खिडकीतून दिसतंच. धंदा अजून लहान आहे. काही बिल्डर नाक मुरडतात, एकाने घेतले. घरी येतो तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असतात, पण झोप शांत लागते त्याला. आणि माझ्याशी इतकं बोलतो, की मालिका बघायची पंचाईत झालीय.

तुला एकच सांगते. नदीकडे जायची भीती वाटते असं तू मानसीला म्हणालीस, ते मला कळलं. वाटू दे. कुणी हसलं तर मला कळव. तब्येत सांभाळ, दादालाही सांभाळ, आणि नणंदेसाठी मनात एक कोपरा ठेव.

तुझी,
जयंती


खारेवाडी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. जयंतीस,
अ. उ. आ.

दोन पावसाळे गेले. तुला खरं तेवढंच लिहितो. गेलेला काठ परत आला नाही, माडही नाहीत. तिथे मानसीने आणि इतर बायकांनी बांबू आणि करंज लावलेत, काही जगले. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात अजून थोडं मचूळ होतं, पण यंदा वैशाखातही डाळ शिजली. रुक्मिणीने त्या दिवशी शेजारी वाटी पाठवली, मुकुलच्या आईकडे. मुकुल आता रत्नागिरीला मच्छीच्या बोटीवर आहे. मध्यंतरी रात्रीची एक होडी आली होती, गावाने हाकलली. लक्ष ठेवावं लागेल, हे काम संपणारं नाही.

गणपतीला सिद्धेश आणि तेजल आले ते तुला त्यांनी सांगितलं असेल. एक गोष्ट सांगितली नसेल, ती मी लिहितो.

तुझी वहिनी त्या दिवसापासून पाण्यात उतरली नव्हती. बहिणीकडे जायचं तर पुलावरून मोठा वळसा घालून रिक्षाने जायची. विसर्जनानंतरच्या सकाळी सिद्धेश ओहोटीला नदीवर गेला. आम्ही दोघं काठावर होतो. त्याने पँट वर केली आणि जुन्या वाटेने उतरला. हातात काठी होती, प्रत्येक पावलाआधी ती टेकवून बघत होता. मधे थांबला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं. तिथून वळून म्हणाला, मामी, तळ लागतोय.

रुक्मिणीने माझ्याकडे बघितलंही नाही. लुगडं खोचलं, चपला काठावर काढून ठेवल्या आणि उतरली. सिद्धेशने हात पुढे केला होता, तो तिने धरला नाही. त्याच्या शेजारून पुढे गेली, पलीकडे पोचली आणि बहिणीच्या घराकडे चालू लागली.

संध्याकाळच्या ओहोटीला परत आली. पाय धुतले आणि भात लावला.

इकडची काळजी आता करू नकोस. सवडीने ये, राहा, आणि मनातलं आमचं स्थान आहे तिथेच असू दे.

तुझा,
गुणाजीदादा