लग्नाच्या वेबसाईटला लागलेलं सुतक

उत्रोली, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सकाळी भात लावला. नळाला पाणी आलं नाही. अकराच्या ऑफिसच्या मीटिंगला घरूनच हजर होतो. दुपारी एसटीनं भोरला जाऊन पाकीट आणि तिकीट आणलं. (पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "कोर्टाचं हाय का?" घरचंच पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं.)

ती. सोमनाथ दाजी यांस इंद्रजितचा नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, भात झोडून झाला असेल, आणि राजगडावर येणारी पुण्याची मंडळी अजूनही न विचारता तुमच्या खळ्यात गाड्या लावत असतील, अशी आशा करतो. (आशा हा शब्द पत्रात चालतो, म्हणून लिहिला.) फोन सोडून पत्र का, तर मंगलताईनं माझा नंबर ब्लॉक केला आहे, आणि तुमचा फोन तीच उचलते.

मी काय काम करतो हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणून चिवड्याकडे वळतो. यंदा आईमुळे दिवाळी नव्हती, म्हणून लिहून सांगतो. एक लग्न जमवायची वेबसाईट आहे. तिच्यामागे शेकडो छोटे प्रोग्रॅम एकाच आवारात राहतात. त्या आवाराला क्लस्टर म्हणतात. कुणी फोटो सांभाळतो, कुणी पत्रिका जुळवतो, कुणी निरोप पोहोचवतो. त्यांचं बिऱ्हाड ठरलेलं नसतं, आज या मशीनवर, उद्या त्या. म्हणून कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम घर बघून करत नाहीत. प्रत्येकाच्या कपाळाला एक चिठ्ठी असते, तिला लेबल म्हणतात, आणि नियम त्या चिठ्ठीपुरता असतो. आतला माणूस कसा आहे, त्यानं काय केलं आहे, हे नियम बघत नाही. (आपल्याकडे याला भावकी म्हणतात.)

आई गेल्यावर चौदाव्या दिवशी मी कामावर बसलो. डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवला. आमचा साहेब शौनक म्हणाला, तपासणी आहे, आजच नियम लाव. आधी सगळ्यांना सगळं बंद, मग ज्याचं ज्याच्याशी काम आहे तेवढंच उघडायचं. पद्धत बरोबरच आहे. नियमाला नाव द्यावं लागतं. मी काय विचारात होतो कोण जाणे (म्हणजे मला ठाऊक आहे), मी नाव दिलं "सुतक". मग एकेक वाट उघडली: पत्रिकेनं फोटोशी बोलावं, फोटोनं निरोपाशी बोलावं. चोवीस वाटा. दोनदा तपासल्या. नियम लावला आणि चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत वेबसाईट बंद पडली होती. सगळ्यांना परवानगी, आणि कुणीच कुणाशी बोलेना. दोन तास चाळीस मिनिटं. शौनक फोनवर ओरडत होता, "अरे, हजारो लोकांची लग्नं अडलीत!" (त्यातले काही वाचले असतील असं माझं मत होतं.) शेवटी चूक शेफालीनं काढली. ही मुलगी कामाला लागून वर्षही झालेलं नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांना बोलायची परवानगी दिलीत, पण पत्ता विचारायची नाही दिलीत." आवारात पत्ते सांगणारा एक प्रोग्रॅम असतो. कोण आता कुठं आहे हे एकट्या त्यालाच माहीत असतं. बोलायच्या आधी प्रत्येक जण त्याला विचारतो. तो रोज इतका गुपचूप काम करतो की वाटांची यादी करताना आठवतच नाही. मी त्याचंच दार बंद केलं होतं.

हे निस्तरलं, तर तपासणीत वेबसाईटच्या मालकीणबाईंना पडद्यावर नाव दिसलं. "लग्नाच्या साईटला सुतक?" म्हणाल्या. "कुणाचं?" शौनकनं तांत्रिक शब्द आहे असं सांगून पाहिलं. बाई पुण्याच्याच, फसल्या नाहीत. मशीनवर गोमूत्र शिंपडा म्हणाल्या. मशीन भाड्याची, मुंबईकडे कुठंतरी, नेमकी कुठं हे आम्हालाही माहीत नाही. शेवटी शौनकनं माझ्या लॅपटॉपवर शिंपडायला सांगितलं. मी शिंपडलं म्हणून सांगितलं.

आता दुसरी चूक. तुम्ही तिसऱ्या दिवशी म्हशींसाठी पालीला परतलात, तेव्हा चौथ्या दिवसाचं तुम्ही ताईकडूनच ऐकलं असेल. माझ्याकडून असं आहे. सकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. गंगाधर काका (आईशी बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते, पण भावकी म्हणून सुतक पुरे दहा दिवस) म्हणाले, "मंगल, दिल्या लेकीला तीनच दिस. तुजं फिटलं. न्हाऊन घे अन् जा घरी." ताई म्हणाली, "काका, दोन वर्सं तिचं हगणं-मुतणं काढलं म्या. तवा तुमी बांधावरनं बगत व्हता." काका म्हणाले, "म्या न्हाई, रीत सांगती." मग ताई माझ्याकडे वळली. "इंदर, तू शिकलेला हायस. तू सांग. माजं फिटलं का रं?"

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे, हो."

एवढंच. ती न्हाली, पिशवी भरली आणि गेली. मी एसटीपर्यंतही गेलो नाही, कारण सुतकात होतो.

दाजी, एक गोष्ट मला परवा कळली. ताई आणि मी एवढ्या वर्षांत थेट बोललोच नव्हतो. तिचं आई मला सांगायची, माझं तिला. भांडणसुद्धा आईकडूनच पोहोचायचं, वाटेत निम्मं होऊन. काही काम नसेल तर वेळ काढून उत्तर द्यावं. थोरामोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. नियमाला काहीतरी शुभ नाव द्या असं बाईंनी सांगितल्यावरून शौनकनं मला न विचारता नाव बदललं. आता सगळ्यांना अडवणाऱ्या त्या नियमाचं नाव "मंगल" आहे. ताईला सांगू नका.

ता. क. दुसरा. आईचा मोबाईल मी रोज चार्ज करतो. तो नंबर ताईनं ब्लॉक केलेला नसणार, लावला तर लागेल. पण तिकडे "आई" असं नाव उमटेल. म्हणून लावला नाही.

ता. क. तिसरा. वेबसाईटचं वगैरे लांबण लावलं, त्याला अर्थ नाही. पत्र एवढ्यासाठीच आहे. माझे दहा दिवस झाले, बोटभर केस परत आले, रीतीप्रमाणे माझंही फिटलं. मला तसं वाटत नाही. ताईला विचारा, तिचं फिटलं का. ती "न्हाई" म्हणाली तर मी पहिल्या गाडीनं येतो. "व्हय" म्हणाली तरी येतो, तिला तसं सांगू नका.

पाकिटाला गोंद नाही आणि घरातली डिंकाची बाटली कुठं असते हे आईला माहीत होतं. सकाळचा भात उरला आहे. चार शितं घेतो आणि चिकटवतो.