घरातलं दार आणि गाडीचं दार

ता. ४, सोमवार

ती. वन्संना सा. न. वि. वि.,

परवा सगळ्यांत आधी आले ते समोरचे घड्याळवाले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई. आणि ज्याला बोलावलं होतं तो शोरूमचा माणूस, गाडी ओढून न्यायला, सगळ्यांत शेवटी. तोवर आमच्या गाडीभोवती मयताला जमावी तशी माणसं. घड्याळवाले म्हणाले, कालपर्यंत तर चांगली होती. मयताला हेच म्हणतात.

होय, तीच गाडी, नातीनं पहिल्या नोकरीत बापाला घेऊन दिलेली. पुन्हा तेच. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक् करते आणि गप्प. पहिल्या वेळी शोरूमवाल्यांनी हसत हसत नवी बॅटरी घातली, वर चहा पाजला. दुसऱ्या वेळी गाडी ठेवून घेतली आणि काहीच बिघाड नाही म्हणून परत धाडली. आता मात्र काल बॅटरी भरून गाडी परत देताना त्यांच्या टायवाल्या साहेबांनी सांगून टाकलं की हे वॉरंटीत बसत नाही, कारण बाहेरचं आहे. तुमच्या मुलानं, म्हणजे माझ्याच, पण रागावला की तो तुमच्या वळणावर जातो, विचारलं की बाहेरचं म्हणजे कुठलं. साहेब म्हणाले, ते तुम्हालाच ठाऊक. म्हणजे डॉक्टरनं उलट पेशंटलाच विचारावं, बाबा तुला झालंय तरी काय.

वन्सं, माझं तर डोकं चालेनासं झालंय. शोरूममध्ये ती रोज पहिल्या फटक्यात सुरू होते म्हणे. कॉम्प्युटर तिला लावला, तोही म्हणाला ठणठणीत. आणि घरी आली की एक-दोन रात्रींत मान टाकते. सासरी दुखणं आणि माहेरी हुंदडणं, अशा सुना पाहिल्यात, गाडी पहिल्यांदाच पाहते. सूनबाई म्हणते, आपल्यालाच काही वापरता येत नसेल. आता वापरायचं काय त्यात? तुमचा भाचा चालवतो, आम्ही बसतो.

मी तर तिला जिवापाड जपते. जुन्या पडद्यांची दुहेरी खोळ शिवलीय, चाकापर्यंत येते, ऊन नाही की धूळ नाही. दुपारी सगळी गेली की खोळ थोडी वर करून मागच्या सीटवर जाऊन बसते. काय शांत लागतं म्हणून सांगू. हे पत्रही तिथंच लिहिलं, अक्षर हलल्यासारखं दिसलं तर ते गाडीनं नाही, माझ्यानंच.

पण खरी काळजी दुसरी. तुमचं घर महिनाअखेर रिकामं करायचं आणि तुमचा भाचा म्हणतो, असल्या गाडीतून मी आत्याला घाटातून आणणार नाही, मध्येच निजली तर मोडक्या खुब्याची आत्या काय खांद्यावर घेऊ? इकडं मी खिडकीजवळचा पलंग तुमच्यासाठी झटकून ठेवलाय. तुम्ही नाही म्हणू नका एवढंच.

उलट टपाली लिहा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची
वहिनी

ता. ८, शुक्रवार

वहिनीस स. न. वि. वि.,

तुझं पत्र वाचताना खुबा दुखायचा थांबला होता, संपल्यावर पुन्हा लागला. तेव्हा लांब लिहीत जा.

घरमालक परवा येऊन गेले. फार सभ्य माणूस, घर सोडा असं न म्हणता भिंतींना रंग कुठला द्यावा हे मलाच विचारून गेले. मी इथला वृद्धाश्रम पाहून आले. खोली स्वच्छ आहे, नळ गळत नाही, शेजारची बाई बहिरी आहे म्हणजे वाद होणार नाही. महिनाअखेरपर्यंत जागा माझ्यासाठी धरून ठेवतो म्हणाले. तुमच्या गाडीचा काही भरवसा नसेल तर मी तिथंच जाते, आणि त्यात कोणी मनाला लावून घ्यायचं नाही.

भाड्याची गाडी करू, असं तुझ्या मुलानं फोनवर सुचवलं. त्याला सांग, भाड्याच्या गाडीतून माणूस पाहुणा येतो. मला यायचं असेल तर घरच्या गाडीतून येईन, नाहीतर इथंच बरी.

आता जरा शाळेतल्यासारखं विचारते. गाडी मरते त्याच्या आदल्या दिवशी तिच्यात शेवटचं कोण बसतं, आणि उतरताना काय करतं? नेमकं लिही, पाल्हाळ नको. लावलंस तरी वाचीनच म्हणा.

आशीर्वाद मागायचं तुझं वय राहिलं नाही, द्यायचं माझं नाही, म्हणून नुसती आठवण.

तुझी
वन्सं

ता. १३, बुधवार

ती. वन्संना सा. न. वि. वि.,

वृद्धाश्रमाचं वाचून मी पदरानं डोळे पुसले. मग सूनबाईनं विचारलं तर म्हटलं, काही नाही, डोळ्यात साबण गेला. तिनं विचारलं, पत्र वाचताना? अशी आहे ती, वकिलाची पोर शोभते.

पण मोठी बातमी ऐका. सोमवारी शोरूमचे टायवाले साहेब स्वतः घरी आले. तुमच्या भाच्यानं फोनवर इतका आवाज चढवला की ते म्हणाले, चला, डोळ्यांनीच बघतो. पुन्हा बॅटरी भरून आणलेली गाडी अंगणात होतीच. ते बॉनेट उघडून बघत होते, खाली वाकून बघत होते, मग पुढच्या सीटवर बसले, मागच्या सीटवर बसले. मला वाटलं, बघा, त्यांनाही तिथं शांत वाटलं. उतरले, आणि वन्सं, त्यांनी मागचं दार असं आपटलं की तारेवरचे कावळे उडाले. सूनबाई हातातलं काम टाकून धावली. तुमचा भाचा अंघोळीतून ओरडला, कोण पडलं.

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही शिकलेले, पण या घरात दार आपटत नाहीत. मामंजींचं डोकं ठणकायचं तेव्हापासूनची ही रीत. मी नवी आले तेव्हा माझ्या वन्संनी माझे दोन्ही तळवे दारावर ठेवून शिकवलं, श्वास सोडावा तसं दार सोडायचं. मामंजी जाऊन कितीतरी काळ लोटला, पण आमच्या नातीपर्यंत कुणी दार आपटलेलं नाही. घराचंही नाही, कपाटाचंही नाही, गाडीचंही नाही. साहेब बिचारे ओशाळले. दार पुन्हा उघडून, मी दाखवलं तसं, दोन्ही तळव्यांनी अलगद टेकवलं. गुणी माणूस आहे हो.

पण गुण वेगळा आणि कागद वेगळा. जाताना म्हणाले, बिघाड सापडत नाही, वॉरंटी देता येत नाही, माफ करा. मी खोळ घातली. आणि मंगळवारी सकाळी गाडी पुन्हा मेलेली. आदल्या दिवशी प्रत्यक्ष साहेब तपासून गेले आणि दुसऱ्या दिवशी ही गत, म्हणजे आता कुणाला विचारायचं?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: शेवटची बहुतेक मीच बसते. मग उतरते, दार टेकवते, खोळ ओढते. आणखी काही करत नाही. हां, आतला दिवा मात्र मोठा मायाळू आहे, मी उतरले तरी लगेच विझत नाही. म्हाताऱ्या माणसाला पाय कुठं टाकायचा ते दिसावं म्हणून ठेवत असतील. आणि तुमचा भाचा गाडी सुरू करतो तेव्हा ती टुंग टुंग करते, मग तो सगळ्यांना दारं पुन्हा लावायला सांगतो. तो म्हणतो, नखरेल आहे.

आम्हाला काही सुचत नाही. तुम्ही रागावून का होईना, सुचवा.

तुमची
वहिनी

ता. १७, रविवार

वहिनीस स. न. वि. वि.,

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकटीच इतकी हसले की खालचे घरमालक वर आले.

अगं, गाडीला काही झालेलं नाही. आपल्या घराला झालंय. गाडीचं दार टेकवून लागत नाही, त्याला जोर लागतो. तू श्वास सोडतेस तसं ते सोडतेस, ते अर्धंच बसतं, आणि दार पुरतं मिटेपर्यंत आतला दिवा जळत राहतो. तो मायाळू नाही, तो अडकलाय. टुंग टुंग तेच सांगत होती, पण ती गाडी चालू असतानाच बोलते. बंद केल्यावर तिची वाचा जाते. वर तुझी दुहेरी खोळ, बाहेर उजेड दिसणार कसा? रात्रभर दिवा बॅटरी पितो आणि सकाळी मढं. शोरूममधली माणसं दारं आपटतात, म्हणून तिथं ती ठणठणीत. साहेबांनी पहिल्यांदा लावलं तेच बरोबर होतं. तू त्यांना बिघडवलंस.

म्हणून वॉरंटी नाकारली तर त्यांचं चूक नाही. आपल्याला वळण लावलं याची भरपाई कोणती कंपनी देईल? मुलाला म्हणावं, आवाज खाली घे.

आता सगळ्यांनी दारं आपटायची. माझा हुकूम समज. शिकवलं मी, तर मोडायचा हक्कही माझाच. आठवडाभर गाडी जगली तर कळव. वृद्धाश्रमाला मी अजून काही कळवलेलं नाही.

तुझी
वन्सं

ता. २५, सोमवार

ती. वन्संना सा. न. वि. वि.,

तुम्ही काल संध्याकाळी सामान आवरायला परत गेलात आणि आज मी पत्र लिहायला बसले. सूनबाई हसते, दोन दिवस तोंड दुखेपर्यंत बोललात ना, आता काय उरलं? मी म्हटलं, बोलण्यात लिहायचं राहून जातं.

तुमच्यासमोर सांगायला लाजले ते आता सांगते. तुमचा हुकूम आला त्या दिवशी माझा हात उठेना. दार धरलं, मागं ओढलं, आणि शेवटी दोन्ही तळवे आपोआप पुढं. सूनबाईनं मला बाजूला केलं आणि धाडकन आपटलं, नंतर स्वतःच दचकली. मग तुमच्या भाच्यानं, मग मी. आमची सगळ्यांची आपटाआपट ऐकून घड्याळवाले धावत आले, घरात भांडण लागलं म्हणून. पुन्हा अर्ध्या गालाला साबण. दिवा मात्र पटकन विझला. मला तो खुळा दिवा विझलेला बघून इतकं बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

तुमचा भाचा शोरूममध्ये जाऊन सांगून आला. साहेब म्हणाले, नाकारलेलं ते नाकारलेलंच. मग हळूच म्हणाले, त्या दिवशी मीसुद्धा तसंच टेकवलं, आजींनी सांगितलं म्हणून.

रोज सकाळी तिची किल्ली फिरवायची आणि ऐकायचं, असे तीन दिवस गेले. आठवडा भरायची वाट न बघता शुक्रवारीच तुमचा भाचा तुम्हाला आणायला निघाला. घाट चढून उतरून आली वन्सं ती, कुठं खोकली नाही. तुम्ही मागच्या सीटवर उशा लावून राणीसारख्या बसलेल्या, पण उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर उशीला अभ्रा नाही.

मला अजूनही सगळं उमजलं आहे असं नाही. इतकी वर्षं जे चांगलं म्हणून केलं तेच गाडीला बाधलं, मग घरातली दारं कशी लावायची? तुम्ही म्हणालात, घरातली तशीच, गाडीची अशी. बरं, मला दोन दोन तऱ्हा लक्षात ठेवायला लागणार. चुकून घराचं आपटलं आणि गाडीचं टेकवलं तर ओरडायला तुम्ही जवळ हव्यात.

काल जाताना तुम्ही गाडीत बसलात, माझ्याकडं बघितलंत, आणि दार असं ओढून घेतलंत की खिडकीची काचसुद्धा थरथरली. आत येऊन मी आधी मामंजींच्या फोटोकडं बघितलं. काही बोलले नाहीत.

पलंग खिडकीपासून वीतभर सरकवलाय, वारा थेट तोंडावर येत होता म्हणालात म्हणून. उशीला अभ्रा शिवला, पडद्याचाच. वृद्धाश्रमाला तुम्ही नको म्हणून कळवलंत, हे तुम्ही मला नाही, भाच्याला घाटात सांगितलंत. सांगितलं त्यानं मला.

पेटी बांधताना वाकू नका, तो येऊन बांधेल. शनिवारी येते म्हणालात. शनिवार.

तुमची
वहिनी